समासातील खुणा : चूक दाखविण्याच्या रीतींचा इतिहास आणि भिलाई

संगणकाची आज्ञावली ज्या साधनात लिहिली जाते, त्याला कोड एडिटर म्हणतात. त्यात मजकूर टंकित होत असतानाच एखाद्या शब्दाखाली लाल लहरी रेषा उमटते, दुसऱ्याखाली पिवळी. पानाच्या डाव्या समासात एखादे लहानसे वर्तुळ किंवा त्रिकोण दिसू लागतो. खालच्या पट्टीत चुकांचा आणि इशाऱ्यांचा आकडा सतत बदलत राहतो. या खुणांचा रंग कोणता असावा, रेषा लहरी असावी की सरळ, संदेश ओळीच्या शेवटीच दिसावा की मागितल्यावर, समासातली खूण असावी की नसावी, हे सर्व आता वापरणाऱ्याला स्वतः ठरवता येते. ही सोय वरकरणी आवडीनिवडीची वाटते. परंतु दोष कोणत्या रीतीने दाखवावा हा प्रश्न लेखनाइतकाच जुना आहे. खूण बदलणे आणि दोष झाकणे यांतील सीमारेषा पोथी नकलणाऱ्याला जशी सांभाळावी लागे, तशीच ती आजच्या आज्ञावलीकारालाही सांभाळावी लागते. प्रस्तुत निबंधात या सीमारेषेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

हा मागोवा भिलाईच्या संदर्भात घेण्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. धोक्याची खूण वेळेवर दिसणे हा अशा गावात जीविताचा प्रश्न असतो. पुढे याच परिसरात अभियांत्रिकी शिक्षणाच्या संस्था आल्या. छत्तीसगढचे तंत्रविद्यापीठ येथे आहे, आणि २०१६ मध्ये रायपूरच्या तात्पुरत्या जागेत सुरू झालेल्या भिलाईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेची कायमची वास्तू दुर्गजवळ कुटेलाभाठा येथे उभी राहिली. पोलादाच्या भट्ट्यांपाशी एक पिढी घडली, तर पुढची पिढी पडद्यावरच्या लाल रेषांपाशी घडते आहे. यात मराठीचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो संबंध कारखान्याहून पुष्कळ जुना आहे.

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपुरावर आल्या. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार पाहू लागले, आणि त्यांच्या काळात मराठी भाषा व मोडी लिपी या मुलखाच्या दफ्तरात रुजली. १८१८ ते १८३० ही इंग्रजी देखरेखीची वर्षे वगळली, तर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा संबंध टिकून होता. राज्य गेले तरी कारकून, शिक्षक आणि वकील यांच्या रूपाने मराठी कुटुंबे येथे राहिली. त्यांच्यापैकीच माधवराव सप्रे हे होत. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे टिळकांचा ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. अक्षर कसे असावे, काना-मात्रा कशा द्याव्यात, यांबरोबरच मजकुराभोवती जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, असा व्यवहारी उपदेश त्यात आहे. पानाच्या कडेची ही मोकळी जागा म्हणजेच समास. (दासबोधाच्या प्रकरणालाही समासच म्हणतात, हा मराठीतला एक गोड योगायोग.) ही जागा रिकामी राहत असल्यामुळेच दुरुस्तीला ठाव मिळाला.

हस्तलिखितात चूक आढळली तर ती सुधारण्याच्या दोन रीती प्रचलित होत्या. पहिली हरताळाची. हरताळ हे सोमलयुक्त पिवळे खनिज होय. त्याची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून चुकलेल्या अक्षरांवर फासली की अक्षरे झाकली जात आणि वाळल्यावर त्यावर पुन्हा लिहिता येई. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार येथूनच आला. बंद पुकारण्याला आपण जो हरताळ म्हणतो, त्याची व्युत्पत्ती हाटाशी, बाजाराशी जोडली जाते. दोन्ही शब्द मराठीत एकरूप झाले एवढेच. दुसरी रीत काकपदाची किंवा हंसपदाची. ओळीत काही गळले असेल तर त्या जागी पक्ष्याच्या पावलासारखी खूण करायची आणि गळलेली अक्षरे समासात लिहायची. शेजारी ओळीचा अंकही पुष्कळदा घातलेला असे. म्हणजे समासातली दुरुस्ती कोणत्या ओळीची, हे वाचणाऱ्याला शोधत बसावे लागत नसे.

या दोन रीतींमधला भेद तांत्रिक नाही. हरताळ फासल्यावर मूळ पाठ काय होता हे कळायला मार्ग उरत नाही. पान स्वच्छ दिसते, आणि लेखक चुकला होता ही माहितीही त्याखाली जाते. हंसपदामुळे पान काहीसे विस्कळीत दिसते, पण मूळ ओळ, तिच्यातला दोष आणि सुचविलेली दुरुस्ती ही तिन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढे राहतात. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला हंसपदाचे पान अधिक प्रिय असते, हे वेगळे सांगायला नको. पोथीच्या अखेरीस लेखक बहुधा एक संस्कृत श्लोक लिहून ठेवी. जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये, असा त्याचा आशय असे. दोष दाखविण्याची जबाबदारी कोणाची, हा वाद त्या श्लोकातही आहेच.

छापखाना आल्यावर समासातली खूण ग्रंथाच्या शेवटी गेली. पुस्तक छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांचे ‘शुद्धिपत्र’ जोडण्याचा प्रघात पडला : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. दोष आणि त्याचे स्थान यांची ताटातूट झाली. वाचकाला शेवटचे पान उघडायचे, मग मागे जायचे, ओळी मोजायच्या. फार थोडे वाचक एवढे श्रम घेत असावेत, असे जुन्या ग्रंथांच्या कोऱ्या राहिलेल्या समासांवरून वाटते.

संगणकाचा आरंभकाळ या शुद्धिपत्राच्या रीतीचाच होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळच्या अशा यंत्रांवर काम करणाराने छिद्रित पत्रांचा गठ्ठा खिडकीपाशी द्यायचा, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील कागदांची चळत घेऊन जायची. चुका त्या कागदांवर, पुष्कळदा केवळ क्रमांकांच्या रूपात असत. त्या क्रमांकांचा अर्थ पाहण्यासाठी वेगळी पुस्तिका. एक स्वल्पविराम चुकला तर एक दिवस जाई. त्यामुळे एकाच फेरीत जास्तीत जास्त चुका आणि त्याही नेमक्या सांगाव्यात यासाठी धडपड झाली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डिट्रान (१९६७) हा कंपायलर मुद्दाम दोषदर्शनावर भर देऊन रचला होता, तर कॉर्नेल विद्यापीठातील पीएल/सी हा चुकलेली ओळ स्वतःच्या अंदाजाने दुरुस्त करून पुढे जाई. पीएल/सीच्या या अगत्याकडे पाहिले की हरताळाचे भांडे घेऊन बसलेला नकलकार आठवतो; फरक इतकाच की आपण काय दुरुस्त केले हे ते यंत्र छापूनही देई.

१९८३ मध्ये बोरलंड कंपनीच्या टर्बो पास्कलने दोष आणि स्थान यांची पुन्हा गाठ घालून दिली. लिहिण्याची जागा आणि तपासण्याचे यंत्र एकाच पडद्यावर आले. चूक सापडताच दर्शक थेट त्या ओळीवर जाऊन उभा राही. त्याच घराण्यातील टर्बो सी (१९८७) आणि टर्बो सी++ (१९९०) यांचा निळा पडदा भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पुढची वीस-पंचवीस वर्षे सोडला नाही. जगाने तो केव्हाच टाकून दिला होता, तरी आपल्याकडे परीक्षेच्या प्रात्यक्षिकात तोच असे. कंपाइल केल्यावर येणाऱ्या चौकटीत ‘वॉर्निंग्ज’ आणि ‘एरर्स’ असे दोन आकडे दिसत. विद्यार्थी दुसऱ्या आकड्याकडे पाहत आणि तो शून्य असला की सुटकेचा निःश्वास टाकत. पहिल्या आकड्याचा अर्थ विचारणारा विद्यार्थी विरळा, आणि तो समजावून सांगणारा शिक्षकही.

हा पहिला आकडा नेमका काय सांगतो? चूक म्हणजे जिच्यामुळे आज्ञावली तयारच होऊ शकत नाही ती. इशारा म्हणजे भाषेच्या नियमात बसणारी, यंत्राला चालणारी, परंतु लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा नसावी अशी गोष्ट. सी भाषेत तुलनेसाठी बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते. कोणी ते एकदाच लिहिले तर तुलना न होता किंमतच बदलली जाते, आणि यंत्राची त्याला काहीही हरकत नसते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर चूक हा अशुद्धतेचा प्रकार आहे, इशारा हा अर्थदोषाच्या शंकेचा. ही शंका व्यक्त करण्याचे काम स्वतंत्र साधनाकडे सोपविण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्या साधनाचे नाव ‘लिंट’, म्हणजे कपड्याला चिकटून राहिलेले कापसाचे तंतू. कापड फाटलेले नसते, पण झटकून पाहिलेले बरे. पुढे या जातीच्या सर्व साधनांना हेच कुलनाम मिळाले.

लहरी रेषा आली ती मात्र आज्ञावलीच्या जगातून नव्हे, शब्दलेखनाच्या जगातून. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या १९९५ च्या आवृत्तीत चुकीच्या वाटणाऱ्या शब्दाखाली लाल नागमोडी रेषा येऊ लागली. १९९७ च्या आवृत्तीत व्याकरणासाठी हिरवी रेषा आली. शाळेतल्या मास्तरांच्या लाल शाईचे हे यांत्रिक रूप लोकांना लगेच उमगले. २००० नंतरच्या दशकात एक्लिप्स, इंटेलिजे, व्हिज्युअल स्टुडिओ यांसारख्या साधनांतून आज्ञावलीच्या ओळींखालीही तशाच रेषा दिसू लागल्या, आणि डाव्या समासात लाल-पिवळ्या खुणा परतल्या.

तरीही एक अडचण उरली होती. प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेच्या चुका स्वतंत्रपणे शिकवाव्या लागत. २०१६ च्या जून महिन्यात मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेनव्ही या कंपन्यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हा संकेत जाहीर केला. या संकेतानुसार भाषेचे ज्ञान असलेला एक कार्यक्रम दोष शोधतो आणि एडिटरला त्याचे स्थान, त्याची पायरी आणि त्याचा संदेश एवढेच कळवितो. पायऱ्या चार आहेत : चूक, इशारा, माहिती आणि सूचना. पायरी कळविलीच नाही तर ती एडिटरने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावी, अशी मोकळीकही संकेतात आहे. खूण कोणत्या रंगाची, कोठे, किती ठळक, यांबद्दल मात्र संकेत काही बोलत नाही. दोष शोधणारा आणि दोष दाखविणारा असे दोन वेगळे अधिकारी येथे औपचारिकपणे निर्माण झाले, आणि दुसऱ्याचा अधिकार हळूहळू वापरणाऱ्याच्या हाती आला. माझ्या मते या इतिहासातील निर्णायक टप्पा हाच.

लाल म्हणजे चूक आणि पिवळा म्हणजे इशारा हा संकेत आपण इतका गृहीत धरतो की तो कोठून आला हे विचारण्याचे सुचत नाही. तो रेल्वेतून आला, आणि येथे भिलाईचा संबंध थेट येतो, कारण देशातील रुळांचा फार मोठा भाग भिलाईत लाटला गेला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील रेल्वेवर लाल दिवा धोक्याचा, हिरवा सावधानतेचा आणि पांढरा मोकळ्या मार्गाचा होता. लाल काच फुटून पडली की मागचा दिवा पांढरा दिसे, म्हणजे धोक्याची खूण मोडली की ती आपोआप सुरक्षिततेची खूण होई. शिवाय घरांतले दिवेही पांढरेच. म्हणून हिरव्याला मोकळ्या मार्गाची जागा मिळाली आणि सावधानतेसाठी पुढे पिवळा आला. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागेरलुंडा येथे गाड्यांची टक्कर झाली; तिच्यानंतर होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या रंगांधळेपणाची तपासणी सुरू करविली. आपल्या रेल्वेवर लाल, पिवळा, दुहेरी पिवळा आणि हिरवा अशा चार अवस्था दाखविणारे सिग्नल आहेत. यातला दुहेरी पिवळा मोठा मार्मिक आहे. तेथे नवा रंग न आणता दिव्यांच्या संख्येने अर्थ बदलला आहे.

कोड एडिटरच्या खुणा बदलण्याची पहिली खरी गरज येथेच आहे. लाल-हिरव्याचा भेद न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, समाजात पुष्कळ आहेत. त्यांना काही लहरी सारख्याच दिसू शकतात. अशा माणसाने चुकेसाठी निळा रंग निवडला, इशाऱ्याखाली लहरीऐवजी चौकट घातली, किंवा समासातल्या खुणांच्या आकारांवर भिस्त ठेवली, तर त्याला चैन म्हणता येणार नाही.

पोलादाच्या कारखान्यात न दिसणारा दोष दिसता करणे ही रोजची गरज असते. रूळ बाहेर पाठविण्यापूर्वी त्याच्या पोटातील भेगा श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासल्या जातात. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून त्याच्या अस्तित्वाची खूण यंत्रानेच द्यावी लागते. भिलाईने या बाबतीत जबर किंमत मोजली आहे. १२ जून २०१४ रोजी पंपगृहात वायू पसरून सहा जणांचा मृत्यू झाला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्ट्यांच्या वायुवाहिनीवरील आगीत अनेक कामगार दगावले. त्या अपघातांची कारणमीमांसा हा या निबंधाचा विषय नव्हे. मात्र येथल्या घराघरांत धोक्याचा भोंगा आणि दिवा यांना जो अर्थ आहे, तो लक्षात घेतल्याशिवाय ‘इशारे बंद कसे करावेत’ हा पडद्यावरचा प्रश्न पुरता कळत नाही.

खुणा कमी असणे जसे घातक, तसे त्या अतिरेकी असणेही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात बिघाड झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम वाजू-चमकू लागले आणि त्यांतला महत्त्वाचा कोणता हे चालकांना कळेना. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्यापूर्वीच्या शेवटच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन चालकांपुढे २७५ इशारे आले होते. यानंतर उद्योगक्षेत्रात इशाऱ्यांची संख्या आणि अग्रक्रम यांना शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले. १९९९ मध्ये ब्रिटनमधील ईईएमयूए या संस्थेने त्यासाठी मार्गदर्शिका काढली.

एडिटरमधील बदल याच पार्श्वभूमीवर पाहावेत. व्हिज्युअल स्टुडिओ कोड (२०१५) यात चारही पायऱ्यांचे रंग वेगवेगळे ठरवता येतात, रेषेऐवजी पार्श्वभूमी रंगवता येते. ‘एरर लेन्स’ नावाची जोड घेतली तर संदेश ओळीच्या शेवटीच छापला जातो. निओव्हिम या एडिटरने २०२१ पासून अधोरेखा, समासातली खूण आणि ओळीअखेरचा संदेश या तिन्हींची स्वतंत्र कळ दिली आहे. मार्च २०२५ च्या आवृत्तीत ओळीअखेरचा संदेश मूळ मांडणीतून काढून ज्याला हवा त्याने सुरू करावा असे ठरले. याच साधनात लेखक लिहीत असताना खुणा ताज्या करू नयेत, त्याचा हात थांबल्यावर कराव्यात, अशी मूळ योजना आहे. अर्धे वाक्य लिहून झालेल्या माणसाला ते अपूर्ण आहे म्हणून टोकण्यात अर्थ नसतो, हे चांगल्या शिक्षकाला ठाऊक असते. ते या साधनाच्या कर्त्यांनाही उमगले, याचे मला कौतुक वाटते.

येथवरचे सारे बदल हंसपदाच्या जातीचे आहेत. खूण हलते, रंग बदलते, थांबते. दोषाची नोंद कायम राहते. दुसऱ्या जातीत पायरी बदलली जाते. इएसलिंट या साधनात (२०१३) प्रत्येक नियमाला बंद, इशारा किंवा चूक यांपैकी एक दर्जा देता येतो. जीसीसी कंपायलरला सर्व इशारे चुका समजण्याची आज्ञा देता येते, तशी सर्व इशारे गिळण्याचीही. हा निर्णय प्रत्येक गटाने विचारपूर्वक घ्यायचा असतो. तिसरी जात मात्र सरळ हरताळाची आहे. २००६ मध्ये डेबियन या प्रणालीत ओपनएसएसएल हे सांकेतिकीकरणाचे साधन बांधताना तपासणीच्या साधनांकडून काही इशारे येत होते; आरंभीची किंमत न दिलेली स्मृती वाचली जाते, अशी त्यांची तक्रार होती. इशारे थांबावेत म्हणून संबंधित ओळीच निष्प्रभ करण्यात आल्या. इशारे थांबले. पण त्या ओळींपैकीच एक यादृच्छिकतेचा मुख्य स्रोत आत घेत होती. परिणामी तयार होणाऱ्या किल्ल्यांची विविधता एका आकार-प्रकारापुरती सुमारे ३२ हजारांवर आली, म्हणजे त्या एकेक करून पडताळून पाहता येण्याजोग्या झाल्या. १३ मे २००८ रोजी हे जाहीर होईपर्यंत दोन वर्षे लोटली होती. पान स्वच्छ दिसत होते.

उलट बाजूचे उदाहरण २०१४ च्या फेब्रुवारीतले. ॲपलच्या प्रणालीत एक उडीची आज्ञा चुकून दोनदा लिहिली गेली आणि तिच्या पुढची, ओळख पडताळण्याची ओळ कधीच चालेनाशी झाली. न पोहोचता येणाऱ्या ओळींचा इशारा देण्याची क्षमता कंपायलरमध्ये होती, पण नेहमीच्या इशाऱ्यांच्या संचात तिचा समावेश नव्हता. आज अनेक एडिटर अशा ओळी फिकट करून दाखवितात. एवढ्याशा फिकटपणाने ती चूक कदाचित डोळ्यांत भरली असती.

आता मराठीचा प्रश्न. ज्या खुणा चुकीसाठी आहेत त्या एखाद्या भाषेच्या अस्तित्वावरच उमटू लागल्या तर काय? १ नोव्हेंबर २०२१ रोजी केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिले की अदृश्य युनिकोड चिन्हे वापरून आज्ञावली वाचकाला एक आणि यंत्राला दुसरीच दिसेल अशी लिहिता येते. धोका खरा होता. लगेचच व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या त्या महिन्याच्या आवृत्तीत अदृश्य आणि फसव्या अक्षरांभोवती चौकट आखण्याची योजना आली. फसव्या अक्षरांच्या यादीत आपला विसर्ग आहे, कारण तो इंग्रजी अपूर्णविरामासारखा दिसतो. देवनागरी शून्य आहे, कारण ते रोमन ‘ओ’सारखे दिसते. शब्द पूर्णतः देवनागरीत असेल तर बहुधा सूट मिळते. परंतु ज्या फोल्डरवर विश्वास असल्याचे वापरणाऱ्याने अजून सांगितलेले नाही, त्यात मूळ योजनेनुसार रोमनेतर प्रत्येक अक्षर संशयित ठरते. आज्ञावलीतल्या टिपणीचे अक्षरही त्यातून सुटत नाही.

अदृश्य चिन्हांची गोष्ट अधिक नाजूक आहे. मराठीतला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह घालून. हे जोडचिन्ह डोळ्यांना दिसत नाही, आणि तरी ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांतील सारा फरक तेच सांभाळते. कोणी संशयित म्हणून ते पुसले, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि आचाऱ्याचे निमंत्रण आचार्यांकडे जाते. हिंदीला हा भेद लागत नाही. म्हणून हिंदीच्या शेजारात, भिलाईसारख्या गावात, मराठी मजकूर हाताळणाऱ्या आज्ञावलीकाराला ही चौकट का आली आहे आणि तिच्या आत काय आहे, हे जाणून घ्यावेच लागते. चौकट दिसली म्हणून चिन्ह पुसणे ही हरताळाची रीत झाली.

यावर उपाय उपलब्ध आहे. एडिटरच्या मांडणीत विशिष्ट चिन्हांना आणि विशिष्ट भाषांच्या अक्षरांना अनुमती देता येते, आणि ही अनुमती आज्ञावलीच्या फोल्डरमधल्या एका छोट्या फायलीत लिहून ठेवली की ती आज्ञावलीबरोबर प्रवास करते. भिलाईत लिहिलेले पुण्यात उघडले तरी खुणा त्याच. त्या फायलीत टिपणीही लिहिता येते : हे चिन्ह अर्ध्या ऱसाठी आहे, पुसू नये. पोथीच्या समासात ओळीचा अंक घालून लिहिलेल्या दुरुस्तीशी तिचे नाते उघड आहे. मात्र उघडणाऱ्याने त्या फोल्डरवर विश्वास असल्याचे सांगेपर्यंत तिच्यातली ही अनुमती विचारात घेतली जात नाही; आणि टिपणी मराठीत लिहिली असेल, तर तोवर तिच्याही प्रत्येक अक्षराभोवती चौकट असते.